शेजारणीवरचे अहवाल

अमेरिकेत, ट्रॉय शहरात आमच्या शेजारच्या घरात एक पोलिश बाई एकट्याच राहायच्या. वय ऐंशीच्या आसपास. मी मनातल्या मनात त्यांना काकू म्हणायचे. मुलगी कॉलेजला गेली होती, नवऱ्याचा प्रोजेक्ट टेक्सासला लागला होता आणि तो महिन्यातून एकदा घरी यायचा. त्या हिवाळ्यात मी कुणाशी समोरासमोर बोललेच, तर ते काकूंशी, तेही ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना.

एका रविवारी दुपारी लायब्ररीत पोलिश सिनेमा होता. काकूंना बर्फात गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून त्यांनी मला सोबत येता का विचारलं. मला तरी दुसरं काय काम होतं?

सिनेमा कम्युनिस्ट काळातला. दवाखान्यात काम करणारी एक मुलगी आणि तिच्यावर पाळत ठेवायला पाठवलेला एक तरुण. तो तिच्या प्रेमात पडतो आणि शेवटी तिच्याबद्दलचे सगळे कागद शेगडीत घालतो. माझे डोळे भरून आले. काकू समोर बघत स्वस्थ बसल्या होत्या.

गाडीत बसल्यावर काच साफ होईपर्यंत आम्ही थांबलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या माणसाने जाळले नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या शाळेत शिकवत होत्या आणि त्यांचा भाऊ सरकारविरोधी पत्रकं छापायचा. एका तरुणाशी त्यांचं लग्न ठरत आलं होतं. दोन वर्षं तो रोज त्यांना घरापर्यंत सोडायचा. पुढे भावाला अटक झाली आणि तो तरुण यायचा बंद झाला. राजवट गेल्यावर कितीतरी वर्षांनी गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली बघायला मिळू लागल्या. काकूंनी अर्ज केला. आलेल्या अहवालांखाली नाव भलतंच होतं, पण अक्षर त्या तरुणाचं होतं.

"राग आला असेल," मी म्हटलं.

"खूप. पण त्याने लिहिलं होतं, आज ती गप्प होती, आईची तब्येत बरी नसावी. कोटाचं एक बटण वेगळं आहे, असंही लिहिलं होतं. माझा नवरा चांगला होता. चाळीस वर्षं एकत्र राहिलो. पण माझ्याकडे इतकं नीट त्याने कधी पाहिलं नाही. मी ती फाईल अजून वाचते. याची मला लाज वाटते."

मी गाडी काढली. घरी पोचल्यावर त्यांनी चहाला बोलावलं. मुलीचा फोन येणार आहे, असं खोटंच सांगून मी सटकले. मग नवऱ्याला फोन केला. सिनेमाला गेले होते म्हटल्यावर तो म्हणाला, "अरे वा." तेवढ्यात त्याला दुसरा कॉल आला.

पुढच्या रविवारी चिवड्याचा डबा घेऊन मी आपणहून काकूंकडे गेले. त्यांनी फाईलचा विषय काढला नाही, मीही नाही. माझ्या गावी, नागपुरात थंडी पडते का, एवढंच त्यांनी विचारलं आणि मी तासभर बोलत राहिले. इतकं बोलायचं साठलंय हे माझं मलाच माहीत नव्हतं.

मे महिन्यात त्यांची भाची त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेली. त्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. येता-जाता आम्ही हात हलवतो.