दांडा वजा करा!

काल पोरीला घेऊन जळगावला गेलो होतो. तेव्हापासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय... तिला विचारूनच लिहितोय.

मोठी मुलगी, वय वीस. वर्षभरापूर्वी तिचं जेवण सुटलं. आम्ही म्हणायचो, डाएटचं खूळ आहे, जाईल. डॉक्टर मॅडमनी नाव सांगितलं... अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा.

मी सावद्याचा केळीवाला. घड बघून वजन सांगतो, पण घरातली पोर वाळत चालली ते दिसलं नाही! मॅडम म्हणाल्या, नुसते किलो नाही, वजन उंचीच्या मानाने बघायचं. त्याला बीएमआय म्हणतात. मोठ्या माणसात या आजारात तो सोळा ते सतरा असेल तर मध्यम, पंधरा ते सोळा गंभीर, त्याखाली अतिगंभीर. आमची गंभीर. जन्मभर मालाला ग्रेड लावली, आता पोरीला लागली.

काल ग्रेड सुधारली नाही तर अ‍ॅडमिट, हे ठरलेलं होतं. ती घाबरून होती. सारखी थंडी वाजते म्हणून जॅकेट घालूनच काट्यावर चढली.

आणि आकडा... मध्यम! मी तर तिथेच टाळी वाजवली. हिच्या आईने हात जोडले.

पोर काट्यावरून उतरेचना. मग हळूच म्हणाली, "पप्पा, दांडा वजा करा."

केळी घेताना आम्ही घड दांड्यासकट तोलतो, मग दांड्याचं वजन कापतो. तिने खिशातून पॉवर बँक काढली, मग आमच्या गोडाऊनचं कुलूप! सकाळपासून मी ते शोधत होतो.

"काय वं माय हे!" हिची आई रडायलाच लागली. पोरीने जॅकेट काढलं, पुन्हा काट्यावर चढली. गंभीर.

"अ‍ॅडमिट करा मॅडम. मला एकटीला नाही जमत," ती म्हणाली.

तीस वर्षं धंद्यात आहे. आपल्याच मालाचा दांडा आपणहून कापायला सांगणारं माणूस पहिल्यांदा बघितलं... आणि ते माझ्या घरचं निघालं!

आज वॉर्डात माझ्यासमोर तिने अर्धी वाटी खिचडी खाल्ली. पाऊण तास लागला, पण खाल्ली. मॅडमचे उपकार कसे फेडू!

कुलूप त्यांच्याच टेबलावर राहिलं. गोडाऊन कालपासून उघडंच आहे... राहू दे!