शारदेचा गंधार

भालचंद्ररावांना नाताळचा राग कधीच नव्हता. उलट कोलकात्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत असताना डिसेंबरात फ्रूटकेकचे दोन तुकडे जास्त मिळावेत म्हणून ते सगळ्या ख्रिस्ती सहकाऱ्यांशी गोडीगुलाबीने वागत. यंदा मात्र 'बोडोदिन' हा नाताळचा बंगाली शब्द कानावर पडला तरी त्यांच्या कपाळाची शीर उडायची.

कारण त्यांचा ऑर्गन. पायाने भाता मारून वाजवायचा, नाटकवाल्यांच्या पद्धतीचा, आजोबांनी कोलकात्यात घेतलेला. भाचीच्या लग्नाला ते पुण्याला गेले आणि परत आले तर दिवाणखान्यात ऑर्गनच्या जागी चपलांचं कपाट. मुलगा आशिष म्हणाला, "बराकपूरच्या एका चर्चला दिला, बाबा. त्यांचा मोडलाय, नाताळच्या गाण्यांना हवा होता. आई गेल्यापासून तीन वर्षांत तुम्ही झाकण तरी उघडलंत का? द्यायचे दिवस आहेत, दिलं."

द्यायचे दिवस! दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला काय जातं? भालचंद्ररावांनी अबोला धरला. एक वाक्य मात्र मनात घासूनपुसून तयार ठेवलं, 'निदान एकदा विचारायचं तरी होतंस.' योग्य वेळी, चारचौघांत, हे ते आशिषच्या तोंडावर फेकणार होते.

आणि वेळ येणार याची त्यांना खात्री होती. तो ऑर्गन बाजारातल्यासारखा लावलेला नव्हताच. त्यांची बायको शारदाबाई काळी चारच्या पट्टीत गायच्या. लग्नानंतर सूर लावणाऱ्या कारागिराला भालचंद्ररावांनी घरी बसवून घेतलं होतं. शारदा गायची, तो कान देऊन एकेक पितळी पातं घासायचा, पुन्हा गायला लावायचा. तिचा गंधार नेहमीच्या पेटीपेक्षा किंचित खाली, मऊ बसायचा, तसाच त्याने तो लावला. काळी चारमध्ये एकेक सूर घेतला तर डोळे मिटावेत. पण चर्चमध्ये तीन-तीन, चार-चार सूर एकदम दाबतात, तेही हव्या त्या पट्टीत. तसं केलं की तोच ऑर्गन शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडणार होता. भर चर्चमध्ये, आशिषच्या नावाची घोषणा झाल्यावर. भालचंद्रराव त्या क्षणाची वाट बघत दिवस ढकलत होते.

मधे चर्चची गाणी बसवणाऱ्या मिसेस बिश्वासांचा फोन आला. बाई गोड बोलल्या. "दादा, ऑर्गन ठीक है ना? कुछ कराना तो नहीं पड़ेगा?"

भालचंद्ररावांनी क्षणभर चपलांच्या कपाटाकडे पाहिलं. "कुछ नहीं," ते म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास."

फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःच चहा करून घेतला. फार दिवसांनी चहाला चव लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी ते आपणहून तयार झाले. आशिषला वाटलं, राग निवळला. सियालदाहून गाडीने बाप-लेक बराकपूरला गेले, पहिल्या रांगेत बसले. पाद्रीबाबांनी दानाचं मोल सांगितलं, आशिषला उभं केलं, टाळ्या झाल्या. भालचंद्ररावांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मग मिसेस बिश्वास ऑर्गनवर बसल्या आणि त्यांनी दहाही बोटं खाली दाबली.

एक भरदार, स्वच्छ आवाज छतापर्यंत गेला. कुठे चरा नाही, खरखर नाही. पाळण्यातल्या बाळाचं गाणं पोरांनी उचललं, मागच्या बाकांवरची माणसंही गाऊ लागली. भालचंद्रराव पुढे झुकून कान देत राहिले. पुढच्या गाण्यात ओरडेल. त्याच्या पुढच्या. पण ऑर्गन शहाण्यासारखा गात राहिला.

कार्यक्रम संपल्यावर मिसेस बिश्वास केकची बशी घेऊन आल्या. "पहले दिन तो बहुत बेसुरा था, दादा! सोचा आपको फिर फोन करूँ. पर आपने तो कहा था कुछ नहीं है. तो मिस्त्री बुलाया. उसने घिस-घिसके सारी रीड बराबर कर दी. आप बजाइए ना एक बार."

भालचंद्रराव बसले. पायांनी भाता भरला. काळी चारचा षड्ज धरला आणि भीतभीत गंधारावर बोट ठेवलं. गंधार वर चढून बसला होता, कुठल्याही दुकानातल्या पेटीत असतो तसा. त्यांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. घासून गेलेलं पितळ परत येत नाही. आणि पुन्हा लावायचा म्हटला तर कारागिरासमोर गाणार कोण?

"बाबा?" आशिष मागे उभा होता. बापाचा चेहरा बघून तो घाबरला. "माझं काही चुकलं का?"

कित्येक दिवस घासूनपुसून ठेवलेलं वाक्य ओठांवर आलं. समोर मिसेस बिश्वास हसऱ्या चेहऱ्याने बशी धरून उभ्या होत्या. बाईंनी निदान एकदा विचारलं होतं.

भालचंद्ररावांनी झाकण लावलं आणि केकचा तुकडा उचलला.