आजीचं माहेर विचारणारे काका

माझ्या वडिलांच्या मावसभावाइतका भित्रा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात झाला नसेल. साप, भूत, मामलेदार यांतल्या कशालाच हे काका भीत नसत; भीत ते फक्त लग्नाला, तेही नात्यातल्या. कुठे सोयरीक जुळतेय असं कानावर आलं, की बोलावणं असो नसो, स्वारी हजर. मुलगी काळी की गोरी, मुलगा नोकरीत की बागायतीत, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. दोघांच्या आयांचं, आज्यांचं माहेर कुठलं, एवढंच विचारायचं. गोव्याचं राज्य झालं त्या सुमारास बाजारात मराठी-कोकणीवरून दोघे हमरीतुमरीवर आले होते. काका मध्ये घुसले आणि एकाला म्हणाले, "तां ऱ्हवांदी, तुज्या आवशीचां कुळार खंय?" मग ते दोघे मिळून काकांवरच उखडले.

आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. माझं लग्न डिचोलीच्या आत्याच्या मुलाशी ठरलं. देवळात कौल लावला, देवाने उजवा दिला, सगळे निर्धास्त. "गोत्र वेगळां, मगे भियेवचां कित्याक?" बाबा म्हणाले. काका ताडकन उठले. "गोत्र बापाशीचां, पण रगत दोगांचां!" त्यांनी स्वतः मामाची मुलगी केली होती आणि त्यांची एकुलती एक लेक, आमची ताई, जन्मतः बहिरी होती. आम्ही त्यांना हसून पंगतीला बसवलं आणि लग्न लावलं.

मला दिवस राहिले आणि त्यांची भीती माझ्या पोटात शिरली. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, अशी बहुतेक मुलं धडधाकटच निपजतात, धोका थोडा जास्त एवढंच. त्या 'थोडा'ने माझी झोप उडवली. आता काकाच माझी समजूत काढायला येत. "काय जावचां नाय गो बाये," म्हणत आणि त्यांच्या हातातली चहाची कपबशी खडखडत असे.

बारशाला ते पितळेचं ताट आणि पळी घेऊन आले, पण वाजवायचा धीर होईना. पाळण्याभोवती घिरट्या घालून घामाघूम झाले. शेवटी डोळे गच्च मिटून त्यांनी ताट असं बडवलं, की बाळाने दचकून टाहो फोडला. मी हसत रडू लागले, आत्या साखर वाटत सुटली. ताई खिडकीशी पाठमोरी बसून अबोली ओवत होती. तिने मान वर केली नाही. काकांनी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, आपल्या कानाला बोट लावलं आणि पाळणा दाखवला. ताईला इतका आनंद झाला, की तिने उठून जोरजोरात टाळ्या पिटल्या. बाळ पुन्हा दचकलं, तिच्याकडे मान वळवून रडू लागलं. काका मटकन खाली बसले आणि तेही रडू लागले.