यांनी कुणाचा हात धरला होता?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी असले किस्से सुरू केले की मी उठून चहा टाकायला जाते. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय... आता उठून जाणार कुठे?

महायुद्ध संपून यांची पलटण ब्रह्मदेशातून परतली आणि हे रजेवर घरी आले, तेव्हाची गोष्ट. मी कराडची, सासर मेढ्याच्या वर डोंगरात. लग्न झालं आणि महिन्याभरात हे लढाईवर गेले. म्हणजे आमची खरी ओळख त्या रजेतच होत होती. घरात चारचौघांत बोलायची सोय नाही, म्हणून यांनी धबधबा बघायचा बेत काढला. सासूबाईंनी सोबतीला माझी नणंद, वत्सा, धाडली.

पावसाळा सरत आला होता. रानातून धबधब्याच्या माथ्यापर्यंत एकच पायवाट — फाटा नाही, अंतरही फार नाही. पण झाडी इतकी दाट, की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. थोडं चढलो आणि वत्साच्या पायांना जळवा लागल्या. त्यांना हात लावायचीही तिला भीती. रडतच ती दगडावर बसली. "तुमी जावा दोघं, मी हितंच थांबते."

हे पुढे, मी मागे. एका वळणावर हे दिसेनासे झाले. "आवं, थांबा की!" मी हाक मारली. पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून मी भराभर चढत राहिले.

माथ्यावर पोचले तर हे कातळाच्या अगदी कडेला, माझ्याकडे पाठ करून उभे. डावा हात बाजूला, कुणाचा तरी हात धरल्यासारखा. आणि पाऊल पुढे टाकत होते... पुढे नुसती दरी!

मी किंचाळले. हे वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. चेहरा पांढराफटक.

"तू... तू तर हितं हुतीस. वळणापासनं हात धरलाय की तुजा. 'अजून जवळनं बघू' म्हणालीस."

"मी आत्ता येतेय," मी म्हटलं.

हे कडेपासून मागे सरकले. लढाई बघून आलेला माणूस, उतरताना वाटभर माझा पदर धरून होता.

लढाईचाच यांच्या मनावर काहीतरी परिणाम झाला असेल, असं मी स्वतःला समजावलं. आज नातूही तेच म्हणतो — "आजी, तो वॉर-शॉक." ठीक आहे. पण आम्ही खाली आलो, तर वत्सा निवांत बसलेली.

"वैनी, तू वर कवा गेलीस?" तिने विचारलं. "आत्ता तर माज्या जळवा काढत हुतीस. पाला आणते म्हणून उठलीस न्हवं?"

तिच्या पायांवर एकही जळू नव्हती.

वत्सा शेवटपर्यंत हेच सांगत राहिली. हे तर त्या दिवसाचा विषयच काढू देत नसत. आता दोघंही नाहीत. यांनी जिचा हात धरला ती मी नव्हते, वत्साजवळ होती तीही मी नव्हते, एवढं मी खात्रीने सांगते. पण त्या दोघांनाही तेवढीच खात्री होती... मग वाटेवर हाका मारत एकटी चाललेली, जिला कुणीच पाहिलं नाही, ती तरी मीच कशावरून?