गरम कपाटातली बिअर

इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या माझ्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट आहे; टॉवेल-चादरीही त्यातच असतात. हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगायला घरात दुसरी जागा नाही. पुण्याहून आलेल्या आईने तेवढं कपाट लगेच ताब्यात घेतलं. बाकी घरात मात्र ती चमचा घ्यायलाही मला विचारायची. लेकीच्या घरी कायमचं राहायचं नसतं, हे तिचं ठाम मत. बाबा गेल्यावर ती तिकडे एकटीच होती. तिने इथेच राहावं असं मला फार वाटत होतं, पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी घरी बिअर करते. दिवसभर फार्मसीत दुसऱ्यांची औषधं द्यायची, तर आपलं म्हणून घरी काहीतरी असावं. आईला ते पसंत नव्हतं. त्या वेळी मी बिअर लावून काचेची बरणी गॅरेजमध्ये ठेवली होती. आंबताना बिअरला गारवाच मानवतो. आईला बरणीची दया आली. एवढ्या गारठ्यात हे फुगणार कसं, म्हणून मी कामावर असताना तिने ती इडलीच्या पिठाशेजारी नेऊन ठेवली.

मी घरी परतले तोवर फेसाने बुचातली वायू बाहेर सोडणारी बारीक नळी तुंबली होती आणि बूच उडालं होतं. टॉवेल, चादरी, पिठाचं भांडं, सगळीकडे फेस. आई फडक्याने पुसत होती.

"लेकीच्या घरी लुडबुड करू नये," ती म्हणाली. "माझं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

मला राग आला, आणि रडूही आलं. मी एक जाड नळी निर्जंतुक केली, तिचं एक टोक बरणीच्या तोंडात घट्ट बसवलं, दुसरं पाण्याच्या तांब्यात बुडवलं. फेसाला वाट मिळाली. खरं तर बरणी परत गारव्यात न्यायला हवी होती. मी नेली नाही. नळीचं टोक पाण्याबाहेर येऊ द्यायचं नाही, नाहीतर हवा आत जाईल, हे काम आता तुझं, असं आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती कपाटासमोर खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती.

काही आठवड्यांनी बिअर तयार झाली, पण उबेमुळे तिला पिकलेल्या केळ्यांचा वास आला. आईने ग्लास हुंगला, शिकरण झालंय म्हणाली आणि परत दिला.

"पुढच्या वेळी मोठी बरणी घे," ती म्हणाली. "आणि टॉवेल मी दुसऱ्या कपाटात हलवलेत."