गोळ्याला लावलेलं कुंकू

माझ्या पीएच.डी.चं घोडं एका उंचवट्यापाशी अडलं होतं. स्टीलच्या बंद भांड्यातली हवा उपसायची, थोडा वायू सोडायचा आणि विजेने तो पेटवायचा, की प्लाझ्मा होतो. त्यात दांडीवर बसवलेला सुपारीएवढा गोळा घालून त्याला कमीजास्त वारंवारतेची वीज द्यायची. एका ठिकाणी विजेला होणारा विरोध एकदम वाढतो, आलेखात उंचवटा दिसतो. तो कुठे येणार हे सांगणारं सूत्र माझ्या सरांचं होतं. ते निवृत्तीला आले होते. त्याआधी ते सूत्र इथे, कोल्हापुरात, प्रयोगाने खरं ठरावं एवढीच त्यांची इच्छा होती. आणि माझा मेला उंचवटा दरवेळी त्या जागेच्या अलीकडेच यायचा.

सर म्हणायचे, तुझं माप चुकतंय. मी तारा बदलल्या, गळती शोधली, मोजणारं यंत्र तपासून आणलं. फरक शून्य. त्यांचा रागही यायचा आणि दयाही.

मग एकदा आठवलं. प्रयोगाची सुरुवातच आम्ही खंडेनवमीला यंत्रं पुजून केली होती. सरांनी गोळ्यालाही हळदकुंकू लावलं होतं आणि तो नुसत्या फडक्याने पुसून आत घातला होता. मी हे सांगितल्यावर सर केवढे खुलले! माझंच चुकलं, असं चारचौघांत हसून सांगत सुटले. मलाही मनापासून वाटत होतं, कुंकूच दोषी निघू दे.

गोळा अ‍ॅसिटोनने स्वच्छ धुतला. हवा उपसून होईपर्यंत सर शेजारी उभे राहिले, चहालाही गेले नाहीत. उंचवटा होता तिथेच आला.

आता उरलं फक्त सूत्र. त्यात गोळा एकटाच, अधांतरी होता. आमचा गोळा दांडीवर होता, आणि थोडी वीज दांडीही खात होती. हे मी सरांना सांगितलं. एरवी पुस्तकी बोलणारे सर एकदम आपल्या गावच्या, कागलच्या बोलीवर आले.

"दांडी मी हिशोबात धरलीच न्हाय की." त्यांनी आलेख माझ्यापुढे सरकवला. "हाय तसं लिही. माझ्यासाठी काय झाकू नगंस."

मी तसंच लिहिलं. पदवी मिळाली, त्याच प्रयोगशाळेत नोकरीही लागली. पुढच्या खंडेनवमीला निवृत्त झालेले सर पूजेला आले. सगळ्या यंत्रांना त्यांनी कुंकू लावलं आणि गोळ्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"लावू का गं?" त्यांनी मला विचारलं.

लावा की सर, म्हणाले मी. पण त्यांनी मला विचारावं, हे मला अजून सोसत नाही.