जुन्या चुलीची माती

आईला उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा हवा होता. तेवढी ऐपत नव्हती, म्हणून केडगावच्या घरातल्या जुन्या चुलीलाच शेजारी वैल जोडायचा ठरला. चुलीवर भाकरी होताना तिच्याच आचेनं त्यावर आमटी शिजणार होती.

त्यासाठी आलेल्या बाईनं चुलीचा कोपरा खरवडला आणि ती जळकी माती नव्या चिखलात मळली.

"जुनी माती नव्यात जावी लागती. त्याबिगर भाकर फुगत न्हाई."

"तुमच्याकडं वैल आहे का?" आईनं विचारलं.

"आमची चूल गावासंगट मुळेच्या धरणात गेली. निगताना माती घ्यायची राहिली." तिचा ओला अंगठा वैलाच्या काठावरून फिरतच राहिला.

आईनं खरवडलेल्या मातीचा एक खडा तिच्यापुढं धरला. तिनं तो हुंगला आणि परत ठेवला.

"ही तुमच्या घरची हाय."

पुढं टम्म फुगलेली भाकरी उतरवताना आई क्षणभर थांबायची.